मागच्या सीटवर उस्ताद

एअर मार्शलांनी शिडीवर गुडघा टेकवला आणि मागच्या सीटवर बसलेल्या उस्तादांचे पट्टे आवळले.

"डावा सैल आहे, साहेब."

"काढा, अजून चुका काढा."

"चौतीस वर्षं दुसरं काय केलं?"

ते खोटं नव्हतं. साहेब कोवळे वैमानिक असताना पहिल्याच उड्डाणात त्यांना ओकारी झाली, तेव्हा विमानाचे मेकॅनिक असलेल्या उस्तादांनी गुपचूप कॉकपिट पुसून काढलं होतं आणि कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. पुढे साहेबांचा हुद्दा वाढत गेला, बदल्या झाल्या. जमेल तिथे त्यांनी उस्तादांना मागून घेतलं. उस्तादांचा हात फिरलेल्या विमानात ते निर्धास्त बसत. निवृत्तीआधीच्या या शेवटच्या उड्डाणाला ते जावयाला नेतील, असं घरी सगळे धरून चालले होते. त्यांनी उस्तादांना बोलावून घेतलं. उड्डाणाआधी डॉक्टरांनी उस्तादांना तपासून होईपर्यंत उस्तादांपेक्षा साहेबांचाच जीव टांगणीला लागला होता.

हाताशी चाळीस मिनिटं होती. त्यातलं एकही वाया घालवायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. आधी नदी, मग डोंगर, मग ढगांवरून एक लांबलचक फेरी.

नदी मागे पडली. साहेबांनी आरशात पाहिलं, तर म्हातारा गालातल्या गालात हसत होता.

"काय झालं?"

"भूक लागलीय, साहेब."

"सकाळी खाल्लं नाहीत?"

"पोटभर खाल्लं." उस्ताद जरा घुटमळले. "तुम्ही वर गेलात की चाकं टेकेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. बायको वैतागायची. तुम्ही वर असताना भूक लागलीय, ती आज पहिल्यांदाच."

अजून बावीस मिनिटं शिल्लक होती. समोर डोंगर उन्हात लख्ख उभा होता. त्याच्याकडे एकदा डोळे भरून पाहून त्यांनी विमान अलगद वळवलं आणि उतरायची परवानगी मागितली.

"काही बिघाड आहे का, सर?" नियंत्रण कक्षातल्या मुलीने घाबरून विचारलं.

"विमान ठणठणीत आहे."

"मग लवकर उतरायचं कारण काय लिहू?"

"लिही," साहेब म्हणाले, "जेवायची वेळ झाली."