सगळ्यांचा तलाव

घरात तिला अजून बेबीच म्हणत. वय पन्नाशीला टेकलेलं, देशातल्या झाडून सगळ्या खेळ-संघटनांच्या महासंघाची ती सरचिटणीस. पण आईच्या लेखी बेबी. हा महासंघ नेमकं करतो काय, हे आईला कधी उमगलं नाही. तिथे कोणी खेळत नाही, संघ निवडत नाही, पदकं वाटत नाही. बेबी समजावून सांगायची, की फुटबॉलवाले असोत, डोंगर चढणारे असोत की नाचाचे वर्ग चालवणारे, सरकारकडे एकेकटे गेले तर त्यांना कोणी उभं करत नाही. म्हणून महासंघ सगळ्यांच्या वतीनं जातो.

तिचा थोरला भाऊ एकेकाळचा विजेता आणि आता नौकानयन संघटनेचा अध्यक्ष होता. शहराबाहेरच्या तलावावर तो स्वतः मुलींचा संघ घडवत होता. त्याच तलावात सकाळी वयस्कर बायकांचा एक गट पोहायचा आणि काठावर हौशी मासेमार गळ टाकून बसायचे. नाववाले आणि पोहणारे एकमेकांना पाण्यात पाहतात, असा बेबीच्या ऑफिसातला जुना विनोद होता.

एके दिवशी तो विनोद कोणी केला नाही. दादाच्या संघातल्या मुलींची नाव पोहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेवर आदळली आणि बाईंचा खांदा मोडला. जलखात्यानं तलाव सगळ्यांनाच बंद केला. पुन्हा उघडण्याचं नावही कोणी काढेना.

तिन्ही संघटना महासंघाच्या सभासद, म्हणून बेबी खात्याच्या उपसंचालकांकडे गेली. नियम करा, पण तलाव बंद करू नका, असं तिनं मांडलं. उपसंचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, की तुमच्या नौकानयनवाल्यांचं म्हणणं तर वेगळंच आहे. अध्यक्ष कालच येऊन गेले. पोहणाऱ्यांना कायमचं हाकला, आम्हाला राहू द्या, असं सांगून गेले.

बेबीचे कान तापले. तिनं पुढच्या भेटीची वेळ मागून घेतली आणि तिथून थेट दादाचं घर गाठलं.

दादा गॅलरीत वल्ह्याची मूठ घासत बसला होता. त्यानं काही नाकारलं नाही. स्पर्धा तोंडावर आली होती, मुली वर्षभर पहाटे उठत होत्या. चार म्हाताऱ्यांच्या डुंबण्यापायी त्यांनी वर्ष का घालवायचं, हा त्याचा सवाल होता.

"आज तू त्यांना बाहेर काढलंस, तर उद्या तुझी बाजू घ्यायला कोण उरेल?" बेबी म्हणाली. "खात्याला तलाव बंदच हवाय, दादा. आपण भांडलो की त्यांचं काम सोपं होतं."

"तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

"या कामात कोणाचीच नाही."

दादा मूठ खाली ठेवून आत निघून गेला. वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आली. हळू आवाजात तिनं सांगितलं, की तो त्या बाईंना भेटायला दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या फाटकातून परत आला. घरात कोणाशी धड बोलतही नाही.

तिनं तिन्ही संघटनांना महासंघाच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. दादा येईल याची तिला खात्री नव्हती. तो आला, पण दाराजवळच्या खुर्चीत बसला. शिक्षिका बाई हात गळ्यात अडकवून आल्या होत्या. सुरुवातीला नेहमीचंच झालं. कोण आधीपासून येतं, कोणाची शिस्त जास्त, यावरून तोंडं वाजली. मासेमारांच्या प्रतिनिधीनं तर दोघांनाही पाण्याबाहेर काढायची सूचना केली. बेबीनं सगळ्यांना बोलू दिलं. हुकूम सोडायचा अधिकार तिला नव्हताच. फार तर ती कोणाला उठून जाऊ देणार नव्हती.

मग बाईंनी दादाकडे वळून विचारलं, "तुमच्या मुली वल्हवताना पाठमोऱ्या बसतात ना? मग पुढचं कोण बघतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात एखादा विद्यार्थी कुठे अडलाय ते चाचपावं, तसा तो प्रश्न होता.

दादानं मान खाली घातली. "मी बघतो," तो म्हणाला. "बाजूनं मोटरबोटीत असतो. त्या दिवशी मी त्यांची वेळ मोजायला घड्याळात बघत होतो."

बेबीनं आपल्या भावाला मान खाली घालून बसलेलं लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं. तिला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

"मीही काळी टोपी घालून मधोमध पोहत होते," बाई म्हणाल्या. "आता पुढचं बोलू या."

त्यानंतर काम भराभर झालं. पोहणाऱ्यांना पूर्वेचा काठ, मासेमारांना बांधाची बाजू, मध्ये तरंगत्या खुणांची रांग. यात दादाच्या संघाची सरळ लांब वाट तुटत होती. त्यानं नकाशा दोनदा पाहिला आणि मान डोलावली.

पुढच्या भेटीला बेबी तिघांनाही सोबत घेऊन गेली. सगळ्यांचं एकच म्हणणं ऐकून उपसंचालकांचा नाइलाज झाला. तलाव चाचणीसाठी उघडला आणि चाचणी संपल्यावरही उघडाच राहिला.

दादाला मात्र ते महागात पडलं. आखूड वाटेवर सराव करून मुली स्पर्धेत मागे पडल्या. पालक बिथरले आणि संघटनेच्या निवडणुकीत त्याचं अध्यक्षपद गेलं. बेबीला सगळं दिसत होतं. पण सभासदांच्या निवडणुकीत महासंघानं नाक खुपसायचं नसतं, आणि तिनं ते खुपसलं नाही.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या घरी आला. मला काही करता आलं नाही, असं ती म्हणाली.

"केलं असतंस तर मी तुझ्याशी बोललो नसतो," दादा म्हणाला, आणि ताटावर बसला.

संघाची जबाबदारी त्याच्याकडेच राहिली होती. ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलावावर गेला. घड्याळ त्यानं एका मुलीच्या हाती दिलं आणि स्वतः मोटरबोटीत उभा राहून पुढचं पाणी बघू लागला.