परत पाठवायची पत्रिका

महिपतरावांची मान कोणापुढेही झुकणार नव्हती. सत्त्याहत्तर साली महाराज बाड्यावर, भर चौकात, त्यांनी तसं जाहीरच केलं होतं. ऐकायला सात मित्र होते आणि एक कचोरीवाला. तो बशा परत मिळाव्यात म्हणून थांबलेला. घोषणा संपली आणि महिपतराव लगेच खाली वाकले. चपलेचा अंगठा तुटला होता.

सरदार मंडळाच्या दसरा दरबाराला जन्मात जायचं नाही, हा त्या दिवशीचा ठराव. जुन्या घराण्यांतल्या पुरुषांनी पगड्या चढवून जमायचं आणि रिकाम्या गादीला तीनदा मुजरा करायचा, हे या आठ समतावाद्यांना कसं चालावं? पुढे आठांतला एक ठेकेदार झाला आणि पक्ष बदलता बदलता हरवला. दोघे मुलांकडे बंगलोरला गेले, तिघे वर गेले. उरले महिपतराव आणि पांडुरंगराव.

महिपतरावांची क्रांती आता वर्षातून एकदाच व्हायची. दसऱ्याआधी दरबाराची पत्रिका यायची. ती दोन दिवस टीव्हीपाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी उभी राहायची. मग तिच्यावर लाल शाईनं 'तत्त्वतः अमान्य' लिहून ते ती परत पाठवत. बढतीसाठी साहेबांकडे मिठाईचा डबा नेला तेव्हा आणि मुलाची वरात घोड्यावरून काढली तेव्हाही याच दोन शब्दांनी त्यांना सांभाळून घेतलं होतं.

यंदा पत्रिका आलीच नाही.

अष्टमीपर्यंत महिपतरावांनी फाटकापर्यंत इतक्या खेपा घातल्या, की शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला. पोस्टमनला त्यांनी तीनदा गाठलं. पत्नी विजयाबाईंनी भाजीची यादी करायला लाल पेन घेतलं, तर महिपतरावांनी ते काढून घेऊन पुन्हा जागेवर ठेवलं. नात गरिमा म्हणाली, "आजोबा, जायचंच नाहीये तर इतकं टेन्शन कशाला? छोड़ो ना."

दसऱ्याच्या सकाळी त्यांना घरात बसवेना. मानेला पट्टा बांधून ते ऑटोत बसले. मणक्याच्या दुखण्यानं मान आता खरोखरच झुकत नव्हती. निदान पांडूला तरी पत्रिका आली का, एवढंच विचारायचं होतं.

पाटणकर बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत पांडुरंगराव आरशासमोर उभे होते. अंगात अंगरखा, हातात पगडी. महिपतरावांना पाहताच त्यांनी पगडी उशीमागे सारली. पगडी मोठी होती, उशी लहान.

"कधीपासून?" महिपतरावांनी विचारलं.

सहा वर्षं झाली होती. पांडुरंगराव मंडळाचे चिटणीसच होते. याद्या तेच करत. निवृत्तीनंतर कुठूनच बोलावणं येईना, आणि तिथे खुर्चीवर आपल्या नावाची चिठ्ठी असते, असं ते पगडीकडे बघत म्हणाले.

"आणि माझं नाव?"

"मीच काढलं. तुझ्या तत्त्वाचा मान राखला. म्हटलं, दरवर्षी तुला त्रास कशाला?"

हरिशंकरपुरमच्या घरापासून इथवर महिपतरावांच्या डोक्यात भाषण तयार होत आलं होतं. त्यात गद्दारी होती, बाडा होता, कचोरीवालासुद्धा होता. ते खुर्चीवर बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. नकार द्यायलासुद्धा आधी कोणीतरी बोलवावं लागतं, हे भाषणात कुठेच नव्हतं.

"मी पाठवलेल्या पत्रिका," ते शेवटी म्हणाले, "वाचायचं का रे तिथे कोणी?"

"मी वाचायचो. फायलीला लावल्यात सगळ्या."

खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. पांडुरंगरावांनी उशीमागून पगडी काढली, झटकली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मित्रासमोर ती चढवावी की नाही, त्यांना ठरवता येईना.

"घाल," महिपतराव म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी माझं नाव यादीत घाल."

"येणार तू?"

"छे. येणार कसला." ते दारापर्यंत गेले आणि पट्ट्यामुळे अख्खे मागे वळले. "फक्त पिनकोड तेवढा नीट लिही, बाबा. मागे दोनदा चुकला होता."