बोलणारा लिंब आणि आमचा नळ

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या बद्रीनाथच्या अंगणातला कडुलिंब बोलायला लागला होता म्हणे! माणसं रांगेनं खोडाला कान लावायची आणि डोळे मिटून म्हणायची, "व्हय व्हय, माता घुमतीय!" वर कर्णा, खाली झांजा, मधे नारळांची फोडाफोड. आणि त्या झाडापासून आठ फुटांवर, कंपाउंडच्या भिंतीअलीकडं, माझी बायको सरूबाई कानात कापसाचे बोळे घालून आमच्या बागेत बसलेली.

बाग म्हणजे काय, दहा बाय वीसचा तुकडा. दोन मोगरे, एक कढीपत्ता, चार वांगी. पण गेल्या साली सरूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, रोज दोन तास मोकळ्या हवेत शांत बसायचं." हवा होती मोकळी. शांतता त्या लिंबानं खाल्ली.

आम्ही काय कमी उपाय केले? पहाटे पाचला बसून पाहिलं, तर यांची आरती पावणेपाचला. खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तर दुसऱ्या दिवशी कर्णा तिकडं वळला. बद्रीनाथला हात जोडले. तो म्हणतो, "सर, मी कोण? मातेची इच्छा!" शेवटी तक्रार केली. हवालदार आला, खोडाला कान लावला, नारळ फोडला आणि प्रसाद घेऊन गेला.

लिंब रोज मात्र बोलत नसे. फक्त दर पाचव्या दिवशी. त्याचा अर्थ सांगायला कडूबा महाराज हजर होते. दोन वर्षांपूर्वी हेच महाराज क्रांती चौकात खड्याच्या अंगठ्या विकताना मी डोळ्यांनी पाहिलेत.

"पंचमहाभूतं पाच, पांडव पाच, हाताची बोटं पाच!" महाराज गरजायचे. "म्हणून माता पाचव्या दिवशी बोलते. काय म्हणतं तुमचं विज्ञान?"

विज्ञान म्हणजे मी. तीस वर्षं शाळेत तोच विषय शिकवला.

महाराज भक्ताचा प्रश्न ऐकत आणि ओरडत, "बोल माते, बोल!" की खोड घुमू लागे. म्हणजे होकार. महाराजांनी घंटा वाजवली की माता गप्प. आणि नकार हवा असला की महाराज ओरडतच नसत, नुसते डोळे मिटून बसत.

असंच एकदा त्यांनी विचारलं, "माते, मंडपाला जागा पुरत नाही. ही भिंत पाडून शेजारची बाग घ्यावी का? बोल माते, बोल!"

लिंब घुमला. गर्दीनं टाळ्या पिटल्या. पुढच्या वेळी येताना कुदळी आणायचं ठरलं. मी स्टुलावर चढून भिंतीवरून कायदा सांगितला, ध्वनी सांगितला, कंपनं सांगितली. त्यावर एक जण एवढंच म्हणाला, "सर, उतरा खाली, पडताल."

घरात आलो तर सरू रडत होती. "ऑपरेशनला भ्याले नाय हो मी. आज भ्याले. चारशे माणसाला आपण दोघं काय अडवणार? एवढा तुकडा गेला तर घरात कोंडून मरंल मी."

मग तिनंच डोळे पुसले.

"एक सांगू? लिंब बोलला की आपला नळ जातो."

"योगायोग," मी म्हणालो.

"योगायोग कशाचा! वैजापूरच्या शेतकऱ्याची लेक हाय मी. हिरीवरची मोटार घुमती कशी, ते मला कळत नाय व्हय? आन् आपल्या गल्लीला पाणी कधी सुटतं?"

दर पाचव्या दिवशी! मी कपाळावर हात मारून घेतला. पोरांना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' म्हणून घसा कोरडा केला, आणि इथं निरीक्षण केलं सातवी पास सरूबाईनं.

पाचवा दिवस उजाडला. पलीकडं कुदळी घेऊन भक्त, अलीकडं सरूनं बोलावलेल्या गल्लीतल्या बाया. त्यांत पुढं दगडाबाई. मातेची सगळ्यांत कडवी भक्त तीच. बागेतल्या नळाला करंगळीएवढी धार होती, खाली हंडा होता.

"महाराज," सरूनं भिंतीवरून हाक दिली, "बाग माझी जातीय. एक प्रश्न विचारू द्या."

"विचार माय, माता दयाळू आहे."

"माते, माझ्या नळाचं पाणी तूच पितीस का?"

महाराजांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी घाईनं डोळे मिटले. पण गर्दीला यातली मेख काय ठाऊक? चारशे गळे एकदम ओरडले, "बोल माते, बोल!"

लिंब घुमला. आणि नळाची धार बारीक झाली, तुटली, नळानं फुर्रर्र केलं.

महाराज घंटेकडं धावले. त्यांच्या आधी, कोरडा नळ पाहून खवळलेली दगडाबाई भिंत ओलांडून घंटेला लोंबकळली होती. घंटा वाजेना, माता थांबेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बद्रीनाथची बायको आशाबाई बाहेर आली. हात पिठानं भरलेले.

"अहो, आज घंटा का वाजंना? बटण बंद करू का? मोटार तापंल. आन् माझं दूध उतू चाललंय!"

भिंतीसाठी आणलेल्या कुदळींनीच खोडाजवळची शेंदूर फासलेली फरशी उचलली. खाली खड्ड्यात अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, थेट नळाच्या लाइनीला जोडलेली आणि लिंबाच्या मुळीला घट्ट टेकलेली. मोटार थरथरली की मूळ थरथरे, मुळामागं खोड, आणि खोडाला लावलेला कान. एवढीच ती माता.

बद्रीनाथ रडकुंडीला आला. "सर, मी फक्त पाणी ओढायला बसवली होती. एक पाहुणा खोडाला टेकला, म्हणला झाड घुमतंय. मोटार म्हणालो असतो तर चोरी उघडी पडली असती. म्हणून देवी म्हणालो. मग हे महाराज आले."

"मेल्या!" दगडाबाई कडाडली. "मी टँकरमागं हंडा घेऊन पळते, आन् तू माझंच पाणी ओढून मलाच तीर्थ म्हणून पाजतोस?"

महाराज कुठल्या बोळातून गेले कोणाला कळलं नाही. त्यांची एक चप्पल आमच्या वांग्यात सापडली.

बाबांनो, देव मानायचा तर माना. पण देव शेजाऱ्याची भिंत मागायला लागला, तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा. आणि चमत्कार पाचव्याच दिवशी होत असेल, तर त्या दिवशी आणखी काय काय होतं, तेही बघा. त्याला डिग्री लागत नाही, माझ्याकडं होती आणि उपयोग झाला नाही.

पुढच्या पाचव्या दिवशी सरू बागेत बसली होती. पाणी आलं आणि सगळ्या गल्लीत हंडे, बादल्या, बायांची भांडणं असा एकच गलका उठला. मी लगबगीनं कापसाचे बोळे घेऊन गेलो.

"राहू द्या," ती हसून म्हणाली. "ह्यो आवाज खरा हाय."