जमिनीतली जाळी

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. ज्या जमिनीवर मांडी घालून आपण हरिनाम घेतो, तिचीच गोष्ट सांगतो.

भिलाईच्या वैशाली नगरातल्या आपल्या कीर्तनाच्या हॉलचा तो ढलाईचा, जमिनीचं काँक्रीट ओतायचा दिवस. सहा इंच काँक्रीट, आत सळ्यांची जाळी. पण ठेकेदार देवाजीने ती जाळी खाली मातीवरच निजवली होती. ते पाहून भागाबाईचं डोकं सणकलं. वीस वर्षं घमेली वाहिलेली रेजा, बांधकामावरची मजूर बाई ती.

"देवाजीभाऊ, जाळी वर घ्या."

"कावून? स्लॅबचं लोखंड खालीच रायते. पन्नास छतं ढाळली मी भिलाईत!"

"छत खालून झुकते, खालूनच फाटते. जमीन वरून वाळते, आकसते, वरूनच फाटते. लोखंड तितं पायजे."

"वा, इंजिनेरनबाई!" मिस्त्री खो-खो हसले. देवाजी म्हणाला, "हुकानं खेचून घेऊ ना वर. चला, मसाला सोडा!"

भागाबाईच्या अंगाची लाही झाली. दोन वर्षांमागे जामुलच्या एका गोदामात देवाजीनेच अशी जाळी निजवली होती. महिन्याभरात बोट जाईल एवढे तडे पडले. तेव्हा हा मालकाला म्हणाला, "भागाबाईनं मसाल्यात पानी जास्त ओतलं." वर्षभर तिला कुणी कामावर उभं केलं नाही. इथंही हॉल बांधणाऱ्या आपल्या मंडळाच्या सिंधुताईंनी हट्ट धरला म्हणून ती लागली. ही जमीनही फाटली, तर घमेलं कायमचं सुटलं.

काँक्रीट पडलं. हुकवाला जाळीवरच उभा राहून जाळी ओढत होता. ओढी अन् स्वतःच्याच पायांनी दाबी. भागाबाईने घमेलं भिरकावलं, वाकली आणि ओल्या काँक्रीटमध्ये हात खुपसला. मनगट बुडालं तेव्हा कुठं सळई लागली.

"सिंधुताई, या इकडं! देवाजीभाऊ, जाळी वर हाय नं? घाला मंग हात!"

"बाई, तमाशा नको करू."

"तमाशा तुमी केला जामुलले, माया नावानं!" ती तिथंच चिखलात फतकल मारून बसली. "आता टाका मसाला माया अंगावर!"

सिंधुताई पुढं आल्या. "देवाजी, घाल हात."

घातला त्याने. मनगटापर्यंत गेला. सिंधुताईंनी काम थांबवायला लावलं.

पडलेलं सारं काँक्रीट फावड्यांनी उपसलं. सळ्या वाकवून तिवया केल्या, त्यांवर जाळी चढवली, वरच्या अंगापासून दोन इंच खाली. चालायला फळ्या टाकल्या अन् पुन्हा मसाला सोडला.

"आता सांगा समद्यांसमोर," भागाबाई म्हणाली, "जामुलले पानी कोनी ओतलं?"

देवाजी फळ्या मोजल्यासारखा खाली पाहत राहिला. ती नळावर गेली. सिमेंट-गिट्टीने हाताची कातडी सोलवटली होती, तरी डोळ्यांतला जाळ विझला नव्हता.

निरखून पाहाल तर इथं केसाएवढ्या रेघा दिसतील. त्या येणारच, वरचं लोखंड त्यांना रुंदावू देत नाही. दारावरच्या पाटीत देवाजीचं नाव आहे, तिचं नाही. तेव्हा, मायबाप हो, गजर संपला की उठू नका लगेच. भागाबाईची आठवण काढा. जामुलचा दोष तिचा नव्हता, एवढं मनाशी म्हणा आणि मग उठा.