पुलावरचा घणवाला

"मेलीस ना?" भाऊ म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"आवाजावरून. घण खाली आला, आणि मग तुझ्या शिव्या."

ताईने हातातला कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि चष्मा काढून डोळे चोळले. टीव्हीवरच्या खेळातला तिचा प्रवासी मागच्या विहिरीपाशी पुन्हा उभा राहिला होता. या खेळात मेलं की माणूस सगळ्यात जवळच्या विहिरीपाशी जिवंत होई, आणि वाटेत मारलेले सगळे शत्रूही पुन्हा जागेवर हजर. आता पुन्हा तो मोडका जिना, ते तीन धनुर्धारी, आणि शेवटी पुलावर उभा असलेला तो घणवाला. संध्याकाळपासूनची ही अकरावी खेप होती.

ताई एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. एकवीस वर्षं ती शिकाऊ माणसांच्या डाव्या बाजूला बसत आली होती. तिच्या पायाखाली ब्रेकचं एक जादा पेडल असे, आणि पेडलपेक्षा तिच्या जिभेला शिष्य जास्त घाबरत. तिच्याकडे शिकलेला माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे, पण पास झाल्यावर तिला भेटायलाही कुणी येत नसे.

भाऊ तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. वजनकाटे दुरुस्त करण्याचं काम करायचा, एकटाच राहायचा, आणि फावल्या वेळात त्याला याच व्हिडिओ गेमच्या मालिकेचा नाद. मालिका अवघड म्हणून प्रसिद्ध. पूर्वी त्याने ताईला दोनदा खेळायला बसवलं होतं. पहिल्यांदा ती अर्धा तास टिकली, दुसऱ्यांदा त्याहून कमी. "घरबसल्या अपमान करून घ्यायचा हा कसला छंद रे?" असं म्हणून ती उठून गेली होती.

मग भावाचे डोळे गेले. एकदम नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग संध्याकाळचं, मग काट्यावरचे आकडे. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून हे थांबणारं नाही म्हणून सांगितलं. त्याने काम सोडलं आणि तो ताईकडे राहायला आला. कुरकुर नाही, मागणं नाही. आठवड्याभरात त्याने घरातल्या वस्तूंच्या जागा हाताला शिकवल्या.

एक दिवस ती कामावरून लवकर आली तेव्हा भाऊ टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर त्या खेळाचं पहिलं पान होतं. संगीत सुरू होतं. ते संपेपर्यंत त्याने ऐकलं आणि टीव्ही बंद केला. खेळ सुरू केलाच नाही.

ती दारातूनच म्हणाली, "लाव पुन्हा. मी खेळते, तू सांग."

भाऊ दचकला. मग हसला. "तुला जमणार नाही, ताई."

"आता तर जमवणारच."

पहिले पंधरा दिवस तिने ते निव्वळ त्याच्यासाठी केलं. जीव रमत नव्हता. भाऊ शेजारी बसून सांगायचा, "आता उजवीकडे वळ, भिंतीमागे एक दबा धरून बसलाय." आणि खरोखरच तो तिथे असायचा. आठ वर्षांपूर्वी खेळलेल्या त्या किल्ल्याची पायरी न् पायरी त्याच्या डोक्यात होती. ताईला मनातून थक्क व्हायला व्हायचं, पण ती तसं म्हणत नसे.

घणवाल्यापाशी मात्र गाडं अडलं.

"तो मध्येच घुसतो," ती त्या संध्याकाळी म्हणाली. "काही नियमच नाही मेल्याला."

"तो काय करतो ते राहू दे. तू काय केलंस?"

"मी काय करणार? मारत होते."

"किती वेळा मारलंस?"

तिने मनात वार मोजले. मग म्हणाली, "तीनदा. दोनदा लागला, म्हणून तिसऱ्यांदा हाव सुटली."

"हं," भाऊ म्हणाला, एवढंच. रागावला नाही, हसला नाही. मग म्हणाला, "आणखी एक सांगू? तू हे माझ्यावर उपकार म्हणून खेळतेस. नको खेळूस. मला वाईट वाटणार नाही."

तिला ते लागलं. तिने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई गाडी शिकत होत्या. वय बासष्ट. परीक्षेत दोनदा नापास. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे न्यायची होती, आणि गाडी सातव्यांदा बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. नर्सबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मॅडम, मी सोडून देते. या वयात कशाला हा हट्ट?"

ताईच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलंच होतं. तिने ते गिळलं. पाय ब्रेकवर ठेवला आणि विचारलं, "बाई, गाडी का बंद पडली?"

"मला अक्कल नाही म्हणून."

"ते नव्हे. तुमच्या पायाने काय केलं?"

नर्सबाईंनी खाली पायांकडे पाहिलं. चांगला मिनिटभर विचार केला. "गाडी थरथरली ना, तेव्हा मी घाबरले. आणि क्लच एकदम सोडला."

"थरथरली म्हणजे ती निघायला तयार झाली. तिथेच पाय थांबवा. मागच्यांना ओरडू दे, घसा त्यांचा आहे."

आठव्यांदा गाडी थरथरली, थांबली, आणि हळूच चढ चढून गेली. वर पोचल्यावर नर्सबाई इतक्या हसल्या की ताईलाही हसू आवरेना. सात वेळा बंद पडली नसती तर त्या अशा हसल्या नसत्या, हे तिला तिथेच, त्या चढाच्या माथ्यावर कळलं.

संध्याकाळी ती घरी आली ती चपला काढून थेट टीव्हीसमोर.

"चहा?" भावाने विचारलं.

"नंतर. आज तू काही सांगू नकोस."

पहिल्याच खेपेला ती मेली. "घाई केली," ती आपणहून म्हणाली. दुसऱ्यांदा मेली. "मागे पाहिलं नाही. पुलाची कड आली." तिच्या आवाजात चीड नव्हती. पाचव्या खेपेला तिच्या ध्यानात आलं की घण उचलण्याआधी तो शत्रू डावा खांदा किंचित पाडतो. इतके दिवस हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. आता पुढचा वार कुठून येणार ते तिला आधीच दिसू लागलं. एक घाव, मागे. दुसरा घाव, मागे. तिसऱ्याचा मोह होताच हात थांबला. नवव्या खेपेला घणवाला गुडघ्यांवर आला आणि पुलावर आडवा झाला.

ताई उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. मग खाली बसून म्हणाली, "अरे, हे काय आहे रे! हे इतकं सुंदर आहे, आणि तू मला नीट सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं होतं," भाऊ म्हणाला.

त्यानंतर तिला सांगावं लागलं नाही. पहिला भाग दोन महिन्यांत संपला, दुसरा त्याहून लवकर. बनवणाऱ्यांचं तिला कौतुक वाटू लागलं. "फसवत नाहीत रे," ती म्हणायची. "मारतात, पण फसवत नाहीत." नर्सबाई तिसऱ्या परीक्षेत पास झाल्या आणि गाडी घेऊन तिला दाखवायला आल्या. स्कूलमध्ये असं आजवर झालं नव्हतं.

तिसरा भाग भावाने पाहिलेलाच नव्हता. तो बाजारात आला तोवर त्याचे डोळे मिटत आले होते. सुरुवातीला सवयीने तो काही सांगायला तोंड उघडायचा आणि थांबायचा. मग म्हणायचा, "इथलं मला माहीत नाही, ताई. तूच बघ."

तिथल्या सरोवरातल्या राणीशी ती तीन आठवडे झगडत होती. एका रविवारी दुपारी भाऊ स्वयंपाकघरात चहा करायला गेला असताना राणी पाण्यात कोसळली. ताई ओरडली नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

दोन कप घेऊन भाऊ दारात आला. "पडली ना?"

"पडली."

"मी नव्हतो तेव्हा."

"तू नव्हतास तेव्हा."

तो सावकाश पुढे आला, तिचा कप तिच्या हातात दिला, कोपऱ्यातली खुर्ची चाचपून ओढली आणि टीव्हीकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून बसला.

"आता सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."