कॉलर माइकनं ऐकलेली मनोगतं

मी कॉलर माइक बोलतोय. मोबाइलला जोडायचा आणि शर्टाच्या कॉलरला नाहीतर साडीच्या पदराला चिमट्यानं लावायचा, तो. हरभऱ्याएवढं डोकं, त्यावर काळ्या स्पंजची टोपी आणि मागं लांबलचक वायर. बोलणं हे खरं तर माझं काम नाही, माझं काम ऐकायचं. पण जे ऐकलं ते पोटात ठेवून ठेवून आता मळमळायला लागलंय, म्हणून बोलतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. एका बाईनं माझ्या डोक्यात केसासारखी बारीक तार बसवली, टिचकी मारून पाहिली आणि मला प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं, एवढं आठवतं. पुढं पणजीतल्या एका दुकानातून डॅनियलनं मला उचललं. तो तिकडे हॉटेलात कामाला होता. त्याची धाकटी बहीण जॉयसी कणकवलीच्या कॉलेजात व्हिडिओ, बातम्या, जाहिराती असं सगळं शिकवणाऱ्या वर्गात शेवटच्या वर्षाला होती. घर मालवणच्या किनाऱ्याला, रोज एसटीनं ये-जा. नाताळला घरी येताना त्यानं मला तिच्यासाठी आणलं.

पहिले काही दिवस फार चांगले गेले. जॉयसी मला कुणालाही लावायची. तिची आई वेरोनिका भाकऱ्या थापताना शेजारणीशी बोलायची, ते मी ऐकलं. मला छातीपाशी लावतात, त्यामुळे शब्दांच्या आधी मला श्वास ऐकू येतो. खोटं बोलण्याआधी बहुतेक माणसं आवंढा गिळतात, तो गट्ट आवाज मला लगेच कळतो. वेरोनिकाच्या बोलण्यात तो कधी आला नाही. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार.

मग कॉलेजात माहितीपट करायचं ठरलं. वर्गात गट पाडले. जॉयसीच्या गटात संचिता आणि देवेश. संचिता कणकवलीचीच, बोलण्यात चटपटीत, ती दिग्दर्शक झाली. देवेश कॅमेऱ्यावर. आवाज आणि एडिटिंग जॉयसीकडं. विषय जॉयसीनंच सुचवला, कारण तो तिच्या घराजवळचा होता.

तिच्या वाडीच्या पलीकडच्या टोकाला धोंडू आणि रुक्मिणी हे म्हातारं जोडपं राहायचं. धोंडू एकेकाळी मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आता त्याची आठवण गेली होती. आपण जेवलो की नाही हे त्याला कळायचं नाही. रुक्मिणी त्याला न्हाऊ घालायची, भरवायची आणि ऊन उतरलं की हात धरून किनाऱ्यावर नेऊन बसवायची. तिथं वाडीतले लोक येता-जाता त्याला ‘काय तांडेल, बरा मां?’ म्हणून विचारायचे. तो मान डोलवायचा. तेवढ्यानं रुक्मिणीचा दिवस गोड व्हायचा.

रुक्मिणीनं पोरांना घर मोकळं करून दिलं. जॉयसीवर तिचा विश्वास होता, ती वाडीतली पोर. मला तिच्या पदराला लावलं की ती आधी दोन मिनिटं गप्प व्हायची आणि मग मला विसरून जायची. धोंडूला न्हाऊ घालताना ती हळू आवाजात काहीबाही गुणगुणायची. ते मी ऐकलं, मोबाइलमध्ये उतरवलं. मला त्या घरात बरं वाटायचं.

आणि मग ती सकाळ आली. पोरं लवकरच पोचली होती, मी रुक्मिणीच्या पदराला होतो. धोंडू उठला तोच बिथरलेला. अंथरूण खराब झालं होतं. रुक्मिणी त्याचं धोतर सोडायला गेली, तर तो ओरडला, “ही बाई कोण? हिका भायर काढा.” आणि त्यानं तिच्या तोंडात मारली. चिमटा निसटून मी जमिनीवर पडलो, पण वायर जोडलेली होती. रुक्मिणीचा श्वास अडकला, मग सुटला. ती रडली नाही. पाणी आणलं, त्याला पुसलं, कोरडं धोतर नेसवलं. तोवर तो तसाच उघडा, थरथरत, भिंतीला टेकून उभा होता. देवेश दारात कॅमेरा धरून उभा होता आणि त्यानं तो खाली केला नाही.

सगळं आवरल्यावर रुक्मिणी बाहेर आली. गाल लाल झाला होता. ती संचिताला म्हणाली, “चेडवा, तां तेवढां काढून टाक हां. लोकांक दाखवू नको.”

संचितानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. काढून टाकते म्हणाली, गळ्याची शपथ घेतली. मी तेव्हा जॉयसीच्या हातात होतो, ती वायर गुंडाळत होती. अंगणाच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, पोचल्यावर संचितानं देवेशला विचारलं, “फोकस होता ना?” तो म्हणाला, एकदम. “मग झालं. आपला शेवट मिळाला.”

मला पहिल्यांदा शिसारी आली ती तिथं.

जॉयसी भांडली, असं मी म्हणेन. दोन दिवस ती संचिताशी बोलत नव्हती. पण संचितानं तिला समजावलं की हाच खरा प्रसंग आहे, लोकांना प्रेमाची किंमत यातूनच कळेल, आणि म्हातारी कुठं बघायला येणार आहे कॉलेजात? शेवटी एडिटिंग जॉयसीनंच केलं. तो प्रसंग तिनंच तिच्या लॅपटॉपवर शेवटी जोडला. खाली व्हायोलिन टाकलं. माझ्या आवाजावर, त्या बाईच्या अडकलेल्या श्वासावर व्हायोलिन.

कॉलेजच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवला. मी जॉयसीच्या पिशवीत होतो. शेवटच्या प्रसंगाला सगळीकडं नाकं ओढल्याचे आवाज आले आणि मग टाळ्या. वर्गाचे सर उठून उभे राहिले. माणसं दुसऱ्याच्या घरातलं उघडं अंग बघून रडतात आणि त्या रडण्यावर खूष होतात, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर बाहेर चहा आणि समोसे होते. रडलेलीच तोंडं समोसे चावत होती.

खरी घाण मात्र पुढंच होती.

सरांनी सांगितलं की नुसता माहितीपट पुरत नाही. प्रत्येकानं त्यातून आपण काय शिकलो याचा एक छोटा व्हिडिओ करून जोडायचा. मनोगत. त्याला वेगळे गुण. कॉलेजच्या मागं फणसाखाली खुर्ची मांडली आणि मला एकेकाच्या छातीवर लावायला सुरुवात झाली.

देवेशनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. कॅमेरा ही जबाबदारी असते, हे मी शिकलो, म्हणाला. त्याच्या घशातला तो गट्ट आवाज मला दर वाक्याआधी ऐकू आला. त्याला निदान गिळावं तरी लागत होतं.

संचिता इरकली साडी नेसून आली होती. तिच्या अत्तरानं माझा स्पंज भिजला. कुठं थांबायचं, कुठं खाली बघायचं, आवाज कुठं कापरा करायचा, हे तिनं आधीच ठरवलं होतं. एकदा कावळा ओरडला म्हणून परत, एकदा केस उडाले म्हणून परत. मधल्या वेळात ती वेफर्स खात होती. बोटं चाटता चाटता जॉयसीला म्हणाली, “काय वास मारायचा गं त्या घरात. मी तर तोंडानंच श्वास घ्यायचे.” मग बोटं पुसली, पदर नीट केला, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “त्या घरात पाऊल टाकलं आणि मला मायेचा सुगंध आला.”

तिनं आवंढा गिळला नाही. श्वाससुद्धा हलला नाही. मी तिच्या छातीला चिकटून होतो आणि मला तिथून सुटता येत नव्हतं. गटाराच्या तोंडाशी बांधून ठेवल्यासारखं वाटलं. अजूनही कुणी अत्तर लावून जवळ आलं की मला तो ‘सुगंध’ आठवतो.

जॉयसीनं आपलं मनोगत त्या दिवशी दिलंच नाही. घसा बसलाय म्हणाली.

सरांना संचिताचं फार आवडलं. त्यांनी आणखी एक सुचवलं. त्या आजींचंही मनोगत घ्या, म्हणाले, काम वजनदार होईल. म्हणून तिघं परत वाडीत गेली.

रुक्मिणीला आनंद झाला. चहा टाकते म्हणाली. धोंडू पडवीत बाकड्यावर झोपला होता. देवेशनं कॅमेरा लावला, संचितानं मला रुक्मिणीच्या पदराला लावलं आणि काय बोलायचं ते सांगितलं. मुलं चांगली आहेत, माहितीपट चांगला झाला, मला बरं वाटलं, असं म्हणायचं. रुक्मिणीनं मान हलवली. पण आधी तिनं विचारलं, “तां काढलंस मां?”

“हो काकी,” संचिता म्हणाली. “कधीच काढलं.”

रुक्मिणीच्या छातीतला श्वास एकदम सैल झाला. इतके दिवस तिनं तो धरून ठेवला होता, हे मला तेव्हा समजलं. ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, “पोरां बरी आसत. माझ्या घोवाची लाज राखल्यानी.”

संचितानं देवेशला अंगठा दाखवला. नवऱ्याची लाज राखली, याहून चांगलं वाक्य मिळणार नव्हतं.

जॉयसी माझी वायर धरून खाली बसली होती. तिनं वायर जमिनीवर ठेवली. ती म्हणाली, “काकी, काढूक नाय आमी. तां तसांच आसा.”

संचिता तिच्यावर डाफरली. देवेशनं कॅमेरा बंद केला. जॉयसी थांबली नाही. तो प्रसंग शेवटी लावलाय, तो मी स्वतः लावलाय, सगळ्या कॉलेजनं तो बघितलाय, असं तिनं सांगून टाकलं.

रुक्मिणीनं पडवीतल्या बाकड्याकडं बघितलं. चहाचं आधण चुलीवर उतू गेलं, ते कुणी उतरवलं नाही. मग तिनं आपल्या हातानं मला पदरावरून काढलं, जॉयसीच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, “ह्या वाडयेत तेका अजून तांडेल म्हणतत. तुमच्या कॉलेजात आता तेका काय म्हणतले?”

तिघं चपला घालून निघाली.

वाटेत संचिता सारखी बोलत होती. तुझंही नाव आहे त्यावर, आता एकदम साळसूद झालीस. जॉयसी पुढं चालत राहिली. पण घरी जाऊन तिनं लॅपटॉप उघडला, तो प्रसंग माहितीपटातून काढला आणि नवीन प्रत सरांना पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, वेरोनिका बाजारात गेली असताना, तिनं मला आपल्या कुडत्याला लावलं आणि मनोगत दिलं. ते अगदी लहान होतं. “आम्ही एका बाईला शब्द दिला आणि मोडला. तिच्या नवऱ्याला आम्ही शेवट म्हणून वापरलं. कापायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही. मी शिकले ते एवढंच.” तिच्या आवाजात कापरं नव्हतं. कोरडा, खरखरीत आवाज. माझ्या आयुष्यात मी उतरवलेलं ते सगळ्यात चांगलं मनोगत.

सरांना ते पसंत पडलं नाही. फोनवर म्हणाले, फार नकारात्मक आहे, काहीतरी चांगलंही शिकली असशील, ते सांग आणि पुन्हा कर. जॉयसीनं पुन्हा केलं नाही. तिला मनोगताचे गुण मिळाले नाहीत. मात्र कुणी तक्रार करील या भीतीनं सरांनी माहितीपटाची नवीन प्रतच पुढं ठेवली आणि जुनी सगळीकडून पुसायला लावली. पस्तावून नव्हे, भिऊन. तेही मी फोनमधून ऐकलं. पुढं ती नवी प्रत बाहेरच्या एका स्पर्धेत गेली, तिथं तिला काही मिळालं नाही. संचिताचं मनोगत कॉलेजच्या इंटरनेटवरच्या पानावर अजून आहे. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकलीत.

जॉयसी एकदा लॅपटॉप घेऊन रुक्मिणीकडं गेली, काढलंय ते दाखवायला. मी पिशवीच्या कप्प्यात होतो. रुक्मिणी ओट्यावर कुळीथ पाखडत होती. तिनं लॅपटॉपकडं बघितलंही नाही. सूप खाली ठेवून ती म्हणाली, “माका तुझो राग नाय. पण परत येव नको, बाय.”

जॉयसी वळली, तेवढ्यात पडवीतून धोंडूचा आवाज आला. त्याला आज बरं वाटत होतं. “कोणाचां चेडू गो तू? उन्हातून इलंस. बस, जेवन जा.”

जॉयसी थांबली. रुक्मिणीनं सूप पुन्हा उचललं आणि ती पाखडायला लागली. सुपाचा आवाज तेवढा येत राहिला. जॉयसीनं म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि ती उन्हात निघाली.

आता मी तिच्या कपाटात पडून आहे. खाऱ्या हवेनं माझ्या पिनेला गंज चढलाय, स्पंज कुजत आलाय. मला त्याचं वाईट वाटत नाही. परवा कॉलेजातली नवी पोरं मला मागायला आली होती, यंदाची मनोगतं करायचीत म्हणून. जॉयसी ‘देणार नाही’ म्हणाली आणि तिनं कारण सांगितलं नाही. माझ्यासारखे माइक त्यांना बाजारात कुठंही मिळतील. अशांपैकी एखादा तुमच्या छातीला लागला, तर एवढं करा. ज्याच्याबद्दल बोलणार आहात तो माणूस समोर खुर्चीवर बसलाय असं धरा. त्याच्याकडं बघून वाक्य निघत नसेल, तर माइक काढून ठेवा आणि घरी जा.