मयत मी नाही

माझी लेक सुजाता हिच्या बोरसीतल्या घराच्या कर्जात मी सहकर्जदार होतो. बँकेने अर्ज परत पाठवला, कारण क्रेडिट रिपोर्टात मी मयत होतो.

"बाबा, तुमाले तर जितेजीच पोचवलं यायनं!" लेक हसली.

रुक्मा गेली, तेव्हा आमच्या संयुक्त कर्जात तिच्याऐवजी माझी नोंद मयत अशी झाली होती. तक्रारीत एवढंच लिहायचं होतं : मयत मी नाही, माझी पत्नी आहे.

दोन वर्षं मी हे कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या नोकरीच्या प्लांटच्या दवाखान्याच्या कार्डावरूनही तिचं नाव कमी केलं नव्हतं.

"मी लिहू काय, बाबा?"

सुजाताने पेन घेतलं. 'माझी'पर्यंत आली आणि थांबली. तिची तर ती आई होती.

घर तिला हवं होतं. पेन घेऊन पुढचं मी लिहिलं.